‘पुरेसा’ म्हणजे किती? : पाळीव कुत्र्याच्या व्यायामाचा विचार

२०२० सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीच्या तत्कालीन कृषिमंत्री युलिया क्लोएक्नर यांनी कुत्र्यांच्या पालनासंबंधीच्या नियमावलीत एक दुरुस्ती सुचविली. कुत्र्याला दिवसातून किमान दोनदा, आणि दोन्ही मिळून किमान एक तास, घराबाहेर हिंडावयास मिळाले पाहिजे, असे तिचे स्वरूप होते. दुरुस्तीमागील हेतूविषयी कोणाचे दुमत नव्हते. तरीही तिच्यावर टीकेची झोड उठली. थकलेल्या, सांधे धरलेल्या कुत्र्यालाही एक तासच का? ऐन उन्हाळ्याच्या काहिलीत काय करावयाचे? आणि धन्याने तास पुरा केला की नाही, हे पाहावयाचे कोणी? असे प्रश्न विचारले गेले. १ जानेवारी २०२२ पासून जी सुधारित नियमावली अमलात आली, तीत तासाचा आकडा नव्हता. २००१ च्या मूळ नियमावलीतील ‘पुरेसा’ हे विशेषण, आणि जात, वय व प्रकृती यांना अनुसरून हे हिंडणे असावे ही अट, एवढेच कायम राहिले.

भारतीय कायद्यातही या विषयाला स्थान आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० मध्ये संमत झाला. त्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेचे जे प्रकार नोंदविले आहेत, त्यांत एक असा आहे : नेहमी साखळीने बांधलेल्या अथवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी प्रमाणात व्यायाम देण्यात किंवा देवविण्यात त्याच्या मालकाने हयगय करणे. मूळ अधिनियमात पहिल्या अपराधाला दंड ठेवला आहे तो दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटते. पण कुत्र्याला फिरविणे ही धन्याची केवळ हौस नसून ते त्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व मात्र त्या कलमाने निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

जर्मनीत ‘पुरेसा’, भारतात ‘वाजवी’. दोन्ही ठिकाणी कायदा आकड्यापासून दूर राहिला आहे. नवा कुत्रा घरी आणणाऱ्याला मात्र आकडाच हवा असतो. ‘रोज किती वेळ फिरवावे?’ हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि ‘पुरेसा वेळ’ हे उत्तर त्याला टाळाटाळीचे वाटल्यास नवल नाही. वस्तुतः ही टाळाटाळ आहे, की या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच विशेषणात दडलेले आहे, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा उद्देश आहे.

१. विशेषणाचा स्वभाव

विशेषणांचे दोन वर्ग सहज पाडता येतात. ‘लाकडी’, ‘मृत’, ‘चौकोनी’ यांसारखी विशेषणे ज्या वस्तूला लागतात तिच्याविषयी स्वतंत्रपणे काही सांगतात. ‘मोठा’, ‘उंच’, ‘जड’ ही विशेषणे तशी नाहीत. मोठी मुंगी ही लहान हत्तीहून लहानच असते. कारण मोठेपणाचे माप प्रत्येक वेळी विशेष्याच्या वर्गावरून ठरते. अशा विशेषणांना सापेक्ष म्हणतात. ‘पुरेसा’ हे या दुसऱ्या वर्गातले असून त्याचे परावलंबित्व आणखी एक पायरी पुढे गेलेले आहे.

हे परावलंबित्व ‘पुरणे’ या धातूच्या वापरात स्पष्ट दिसते. भाकरी दोघांना पुरते. कापड सदऱ्याला पुरते. पगार महिन्याला पुरत नाही. प्रत्येक वाक्यात चतुर्थीचे एक पद आहे आणि ते काढून घेतले तर वाक्य लंगडे होते. ‘चार भाकऱ्या पुरतात’ असे कोणी म्हटलेच, तर ऐकणारा ‘कोणाला?’ असे विचारतो, अथवा मनातल्या मनात ते पद भरून घेतो. तेव्हा ‘पुरेसा व्यायाम’ या शब्दप्रयोगाचा अर्थ लावावयाचा म्हणजे दोन रिकाम्या जागा भरावयाच्या : कोणाला पुरेसा, आणि कशासाठी पुरेसा. जर्मन दुरुस्तीतील एका तासाने या दोन्ही जागा रिकाम्याच ठेवून उत्तर लिहिण्याचा प्रयत्न केला होता.

२. कोणाला?

पहिली रिकामी जागा भरण्याचा रूढ मार्ग म्हणजे जात पाहणे. तो निराधार नाही. कुत्र्यांच्या पुष्कळशा जाती माणसाने विशिष्ट कामासाठी निपजविल्या आहेत. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमाप्रदेशातील बॉर्डर कोली हा दिवसभर डोंगरउतारावर मेंढ्या वळविण्यासाठी. आखूड पायांचा डाक्सहुंड बिळात शिरून बिज्जूला बाहेर काढण्यासाठी. ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरांहून अधिक वेगाने, पण अगदी थोडा वेळ, सशामागे धावण्यासाठी. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक या भागांत कारवान अथवा मुधोळ या नावांनी ओळखला जाणारा लांब पायांचा शिकारी कुत्रा याच शेवटच्या वर्गात मोडतो. काम सुटले तरी कामाला साजेशी शरीराची घडण मागे राहते. ब्रिटनमधील केनेल क्लब ही १८७३ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रत्येक जातीपुढे दैनिक व्यायामाचे प्रमाण देते. चिवावासारख्या चिमुकल्या जातीला अर्ध्या तासापर्यंत, कित्येक मध्यम जातींना एक तासापर्यंत, तर लॅब्राडॉर व बॉर्डर कोली यांना दोन तासांहून अधिक, असे हे कोष्टक आहे.

कोष्टक उपयुक्त आहे. तथापि ते जातीविषयी बोलते आणि घरात असतो तो एक विशिष्ट कुत्रा. हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकशास्त्रीय अभ्यासातून दिसून आले. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या धन्यांनी दिलेली माहिती आणि त्यांपैकी सुमारे दोन हजार कुत्र्यांचे जनुकीय विश्लेषण यांवरून निष्कर्ष निघाला तो असा, की कुत्र्याकुत्र्यांमधील वर्तनभेदाचा अवघा नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो. अर्थात हे विधान वर्तनाविषयीचे आहे. पायांची लांबी, केसांची दाटी, नाकाची ठेवण ही जातीबरोबर येतातच. पण अमुक जातीचा म्हणून तो चपळच असेल, तमुक जातीचा म्हणून तो सुस्तच असेल, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. सोफ्यावरून न हलणारा कोली आणि घर डोक्यावर घेणारा बुलडॉग हे दोघेही अपवाद म्हणून बाजूला सारण्याइतके दुर्मिळ नाहीत.

जातच नसलेल्या कुत्र्यांचे उदाहरण या संदर्भात फार बोधक आहे. भारतातील रस्त्यांवर मोकाट राहणाऱ्या कुत्र्यांच्या दिनक्रमाचा अभ्यास कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी यांनी केला व तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे कुत्रे दिवसाचा फार मोठा भाग निजून अथवा नुसते पडून काढतात, असे त्यात आढळले. ज्याला कोणी बांधलेले नाही, ज्याच्यापुढे सारा गाव मोकळा आहे, तो प्राणी स्वखुशीने तासन्‌तास धावत नाही. मात्र तो केव्हा उठावयाचे, कोठे जावयाचे, कोणत्या कोपऱ्यावर किती वेळ थांबावयाचे, हे स्वतः ठरवितो. सदनिकेतील कुत्र्याला अन्न, औषध आणि निवारा यांबाबतीत रस्त्यावरील कुत्र्याचा हेवा वाटण्याचे कारण नाही. त्याच्याजवळ नाही ती हीच एक गोष्ट. म्हणूनच ‘किती मिनिटे’ या प्रश्नाइतकाच ‘त्या मिनिटांत काय’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

३. कशासाठी?

येथे पुन्हा भाषेकडे वळावे लागते. मराठीत आपण कुत्र्याला ‘फिरवितो’. ‘फिरणे’ या अकर्मक धातूपासून झालेले हे प्रयोजक रूप. कर्ता धनी आणि कुत्रा कर्म. (‘चालविणे’ हे रूप गाडीला आणि संस्थेला लागते, कुत्र्याला नाही, हे लक्षणीय आहे.) भारतीय अधिनियमाची भाषाही याच वळणाची आहे : व्यायाम ‘देणे’ किंवा दुसऱ्याकडून ‘देवविणे’. जर्मन नियमावलीत मात्र ‘आउसलाउफ’ असे नाम आहे. ‘आउस’ म्हणजे बाहेर आणि ‘लाउफ’ म्हणजे धाव. कोंबड्यांना हिंडण्यासाठी राखलेल्या अंगणालाही तोच शब्द आहे. त्यात बाहेर धावणारा तो प्राणीच, आणि माणसाने करावयाचे ते इतकेच, की ही मोकळीक त्याला द्यावयाची. एका शब्दावरून समाजाचा स्वभाव ठरविणे घाईचे होईल. जर्मन धनीही कुत्र्याला ओढीत नेत असतोच. परंतु ‘फिरविणे’ या एका क्रियापदाखाली वास्तविक भिन्न असलेल्या किमान चार गरजा झाकल्या जातात, हे मात्र खरे. त्या सुट्या करून पाहिल्या पाहिजेत.

पहिली गरज देहधर्माची. घरात घाण करावयाची नाही हे शिकलेला कुत्रा बाहेर नेण्याची वाट पाहत तासन्‌तास स्वतःला आवरून धरतो. ही गरज एकूण मिनिटांवर मुळीच अवलंबून नाही. ती खेपांच्या संख्येवर व त्यांमधील अंतरावर अवलंबून आहे. सकाळी एकदा दोन तास फिरवून पुढे रात्रीपर्यंत दार न उघडणाऱ्या धन्याचा हिशेब कागदावर उत्तम दिसतो, पण कुत्र्याच्या दृष्टीने तो साफ चुकलेला असतो. पिल्ले आणि वृद्ध कुत्री यांना या खेपा अधिक लागतात.

दुसरी गरज स्नायू, हृदय आणि सांधे यांची. व्यायाम म्हणून सामान्यतः अभिप्रेत असते ती हीच. तिचे महत्त्व वादातीत आहे. पण तिच्यावर एक भलते ओझे लादले जाते, ते म्हणजे लठ्ठपणा कमी करण्याचे. या बाबतीतील पुरावा आहाराच्या बाजूला झुकतो. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्याहून पाव हिस्सा कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. कमी खाणाऱ्यांच्या गटाचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सांध्यांचा विकारही सडपातळ कुत्र्यांत उशिरा उद्‌भवल्याचे दिसले. पुढे २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी लॅब्राडॉर जातीतील सुमारे पाव कुत्र्यांत भूक वाढविणारा एक जनुकीय बदल दाखवून दिला. आणि त्याच बदलामुळे विश्रांतीच्या वेळी होणारा ऊर्जेचा खर्चही सुमारे पाव हिश्शाने कमी होतो, असे २०२४ मध्ये आढळले. अशा कुत्र्याचे वजन वाढले म्हणून धन्याला आळशी ठरविणे अन्यायाचे आहे, आणि त्याला पळवून पळवून बारीक करू पाहणे व्यर्थ आहे. ताटातील घास मोजणे हाच त्यावरचा मुख्य उपाय.

तिसरी गरज नाकाची. मराठीत ‘वास घेणे’ आणि ‘हुंगणे’ असे दोन प्रयोग आहेत. फुलाचा वास माणूस सहज जाता जाता घेतो. हुंगण्यात मात्र हेतू, शोध आणि वेळ ही तिन्ही आहेत. कुत्रा हुंगतो. विजेच्या खांबाच्या बुंध्याशी त्याला जे कळते ते धन्याला दिसतही नाही : कोण येऊन गेले, केव्हा गेले, नर की मादी, ओळखीचा की परका. पट्ट्याला हिसका देऊन ‘चल’ म्हणणारा धनी मिनिटे वाचवितो आणि ज्यासाठी कुत्रा बाहेर आला तेच हिरावून घेतो. शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. वीस पाळीव कुत्र्यांपैकी काहींना दोन आठवडे वासावरून खाऊ शोधण्याचा सराव दिला व उरलेल्यांना धन्याच्या पायाशी पाय जुळवून चालण्याचा. त्याआधी व नंतर त्यांची एक परीक्षा घेतली. एका बाजूला ठेवलेल्या वाडग्यात खाऊ असतो आणि दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात नसतो, हे शिकविल्यावर वाडगा मधोमध ठेवला, तर कुत्रा त्याकडे किती तत्परतेने जातो, हे पाहावयाचे. अनिश्चिततेत तत्परतेने जाणे हे आशावृत्तीचे लक्षण. हुंगण्याचा सराव झालेल्या कुत्र्यांत ही वृत्ती वाढली. पाय जुळवून चालणाऱ्यांत ती वाढली नाही. प्रयोग लहान असला, तरी त्याची दिशा स्पष्ट आहे.

चौथी गरज सहवासाची. २०२२ पासून लागू झालेल्या जर्मन नियमावलीत तासाचा आकडा नाही. पण माणसाचा सहवास कुत्र्याला दिवसातून अनेकदा व पुरेशा वेळेपर्यंत मिळाला पाहिजे आणि स्वजातीयांची भेटही नियमितपणे घडली पाहिजे, असे तीत वेगळे सांगितले आहे. ही वेगळी नोंद मर्माची आहे. मोठ्या शहरांतून कुत्रे फिरविण्यासाठी पगारी माणूस ठेवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. भारतीय अधिनियमातील ‘देवविणे’ या शब्दाने ती कायदेशीरही ठरते. त्या माणसाचा जीव कुत्र्यावर असला, तर दिवसातून दोन खेपांनी पहिल्या तीन गरजा उत्तम भागतात, आणि चौथीही थोडीबहुत भागते. पण एका हातात चार पट्टे आणि दुसऱ्या हातात दूरध्वनी अशी स्थिती असेल, तर भागते ती फक्त पहिली.

४. अतिरेकाची बाजू

अल्प व्यायामाचे दुष्परिणाम सर्वांना ठाऊक असतात. अतिव्यायामाचे तितकेसे नसतात. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांवरील थोड्याशा घामाखेरीज त्याचा सारा भरवसा धापांवर असतो. तोंड व श्वासमार्ग यांतील ओलावा वाफ होऊन जातो आणि त्याबरोबर उष्णता जाते. हवा आधीच दमट असेल, तर ही वाफ होण्याची क्रिया मंदावते. म्हणून कोकणपट्टीतील मे महिन्याची संध्याकाळ अंगाला फारशी भाजत नसली तरी कुत्र्याला जड जाते. विदर्भात अथवा खानदेशात तापमान पंचेचाळीस अंशांपलीकडे जाते, तेव्हा तर हवेबरोबर डांबरी रस्ताही वैरी होतो. तळहाताची उलटी बाजू रस्त्यावर काही सेकंद टेकवून ती सोसवते की नाही, हे पाहण्याची चाल यासाठीच आहे. पग आणि बुलडॉग यांसारख्या बसक्या नाकाच्या जातींचा श्वासमार्गच आखूड व अरुंद असल्याने त्यांची धाप अपुरी पडते. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या उष्माविकारांचे कारण सुमारे तीन-चतुर्थांश प्रसंगी शारीरिक श्रम हेच असल्याचे आढळले. बंद मोटारीत राहिल्यामुळे झालेले प्रसंग त्या मानाने फारच थोडे होते. हे ब्रिटनसारख्या थंड देशात. अंगावर केसांचा दुहेरी थर वागविणाऱ्या सायबेरियन हस्कीला ‘दोन तासांहून अधिक’ हे कोष्टक वाचून नागपूरच्या उन्हात पळविणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

पिल्लांच्या बाबतीत वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटे असा एक ठोकताळा जगभर प्रचलित आहे. लक्षात ठेवण्यास तो सोपा आहे, पण श्रम कोणत्या प्रकारचे आहेत याची तो दखल घेत नाही. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्राडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा पाठपुरावा करण्यात आला. त्याचे फलित २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिना चढउतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याचा दोष उद्‌भवण्याचा धोका अधिक होता. उलट, उद्यानासारख्या उंचसखल जमिनीवर पट्ट्याविना बागडणाऱ्या पिल्लांत तो कमी होता. म्हणजे ‘पिल्लाला जपा’ याचा अर्थ त्याला हलू देऊ नका असा नाही. उद्वाहन नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने मात्र पिल्लाला काही महिने कडेवर घेऊन जिना उतरावा, हे बरे.

तिसरा धोका धन्याच्या हौसेतून उपजतो. चेंडू फेकण्याचे यंत्रवत आवर्तन अर्धा तास चालले, तर पुष्कळ कुत्री दमली तरी थांबत नाहीत. चेंडू सुटला की पाय सुटतात. व्यायाम कोठे थांबवावा, याविषयी आपल्या आयुर्वेदग्रंथांनी माणसाच्या संदर्भात दिलेले माप येथे आठवते. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीही घटका-पळे सांगितली नाहीत. अर्धी शक्ती खर्ची पडेपर्यंत, असे सांगितले, आणि ती अर्धी झाली हे ओळखण्याची शारीरिक लक्षणे दिली. वाग्भटाने तर थंडी व वसंत हे अर्ध्या शक्तीचे काळ मानून इतर ऋतूंत त्याहून मंद व्यायाम करावा, असे म्हटले. ते ग्रंथ माणसांसाठी आहेत आणि कुत्र्याची चिकित्सा त्यांवरून करता येणार नाही. पण मापाची पद्धत घेण्यासारखी आहे : माप घड्याळात नसून करणाऱ्याच्या देहात आणि ऋतूत आहे. माणसाला आपली अर्धी शक्ती आपण जाणता येते. पट्ट्याच्या टोकाशी असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ती जाणण्याची जबाबदारी धन्यावर येते.

५. व्यवहारात

यावरून आकडे निरुपयोगी आहेत, असा अर्थ काढू नये. कोठून तरी सुरुवात करावीच लागते. निरोगी, प्रौढ, मध्यम बांध्याच्या कुत्र्यासाठी दिवसातून दोन मोठ्या खेपा मिळून सुमारे एक तास, आणि त्यांखेरीज देहधर्मापुरत्या एकदोन लहान खेपा, ही सुरुवात वाजवी आहे. जर्मन मंत्रालयाचा आकडा याच आसपास होता आणि सुरुवात म्हणून तो चुकीचा नव्हता. त्याला शेवट समजण्यात चूक होती. काटक व कामाच्या जातींना दुपटीने लागेल. चिमुकल्या, बसक्या नाकाच्या अथवा वृद्ध कुत्र्यांना कमी वेळाच्या पण अधिक खेपा मानवतील. उन्हाळ्यात खेपा सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर बऱ्याच वेळाने असाव्यात, आणि दोहोंमधील काळात घरातल्या घरात खाऊ लपवून तो शोधावयास लावावा. नाकाचा व्यायाम सावलीतही होतो. प्रत्येक खेपेतील निदान काही मिनिटे दिशा कुत्र्याने ठरवावी आणि धन्याने मागे जावे.

पुढचे माप कुत्राच सांगतो. परतल्यावर पाणी पिऊन थोड्या वेळात त्याची धाप बसली आणि तो निवांत आडवा झाला, तर बेत बरोबर जमला. वाटेत तो मागे रेंगाळू लागला, सावली पाहून बसू लागला, दुसऱ्या दिवशी उठताना पाय आखडू लागला, तर प्रमाण अधिक झाले. धाप थांबत नसेल, लाळ घट्ट झाली असेल, तोल जात असेल, तर अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि तत्काळ पशुवैद्य गाठावा. उलटपक्षी घरात येरझारा, कुरतडणे, कारणावाचून भुंकणे, दाराशी घुटमळणे ही बहुधा उणिवेची लक्षणे असतात. मात्र तीच लक्षणे भीतीची, एकटेपणाची अथवा दुखण्याचीही असू शकतात. म्हणून फिरणे वाढवूनही ती टिकली, तर आणखी वाढविण्याऐवजी कारण शोधावे. एरवी उत्साही असलेला कुत्रा एकाएकी बाहेर पडण्यास नाखूश झाला, तर त्याला आळशी न ठरविता तपासून घ्यावे. सांध्यांच्या वेदनेची पहिली खूण पुष्कळदा हीच असते.

साखळीच्या कुत्र्याची गोष्ट याहून वेगळी आहे. शेतावर, गोदामाच्या दाराशी, बंगल्याच्या फाटकाशी राखणीसाठी बांधलेला कुत्रा ‘मोकळ्या हवेत’ असतो, म्हणून त्याला फिरविण्याची गरज नाही, असा समज सर्वत्र आढळतो. अधिनियमाचे ते कलम नेमके याच्यासाठी लिहिलेले आहे. तीन हात साखळीच्या वर्तुळात वर्षानुवर्षे तेच वास असतात, तीच जमीन असते, आणि देहधर्मही तेथेच उरकावा लागतो. चारांपैकी एकही गरज तेथे धड भागत नाही. सदनिकेतील कुत्र्याला एक तास की दीड, हा सूक्ष्म विचार करण्यापूर्वी या कुत्र्याला शून्यातून बाहेर काढणे अधिक निकडीचे आहे, आणि ‘वाजवी’ या शब्दाचा अर्थ कितीही ताणला तरी त्यात शून्य बसत नाही.

कायद्याला आकडा घालता आला नाही, याचे कारण कायदा सर्व कुत्र्यांविषयी एकदम बोलतो. घरातील माणसापुढे ती अडचण नाही. त्याच्यासमोर एकच कुत्रा आहे. त्याचे वय, त्याचे नाक, त्याचे सांधे, गावची हवा आणि आजचे ऊन ही सारी त्याला दिसत असतात. ‘पुरेसा’ या शब्दापुढील रिकाम्या जागा कायद्याने त्याच्यासाठी सोडल्या आहेत, आणि त्या त्याने रोज नव्याने भरावयाच्या आहेत.